गळ्यातील ग्रंथी आणि महिन्याची पाळी

दोंडाईचा परिसरातील एखाद्या बाईच्या गळ्यात गाठ आली, तर ती सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी धरून सुरतेला जाते, नाहीतर एस.टी.ने धुळ्याला. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, बाई घरी येते. पुढे काही महिन्यांनी तिच्या अंगावरून जास्त जाऊ लागते, पाळी आठ-दहा दिवस लांबते. हे दुखणे निराळेच आहे, असे घरात सगळ्यांना वाटते. गळा कुठे आणि गर्भाशय कुठे! पण या दोहोंचा संबंध आहे, आणि तो उलगडायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

या संबंधाची एक बाजू १८४० मध्ये दिसली. जर्मनीतील मर्सेबुर्ग गावचे डॉक्टर फॉन बासेडो यांनी गलगंड, छातीतील धडधड आणि बाहेर आलेले डोळे अशी लक्षणे असलेल्या रुग्णांचे वर्णन केले. त्यांत पाळी बंद झाल्याचीही नोंद होती. या रुग्णांची अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, प्रमाणाबाहेर काम करत होती, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते.

ग्रंथी मुळीच नसेल तर काय होते, हे स्वित्झर्लंडमध्ये कळले. तेथील डोंगराळ मुलखात मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर ही शस्त्रक्रिया अतिशय सफाईने करत. १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवले, की मुलगी मंद झाली आहे, तिची वाढ खुंटली आहे. १८८२ मध्ये जिनिव्हाचे रेव्हर्दिन यांनीही आपल्या रुग्णांत असाच बदल पाहिला. तेव्हा कोखर यांनी जुन्या रुग्णांना पत्रे धाडून परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण आले, त्यांपैकी १६ जण सुजलेले, थंडीने गारठणारे, सुस्त झालेले होते. ज्यांची ग्रंथी थोडी शिल्लक ठेवली होती, ते मात्र ठणठणीत होते.

कोखर यांनी १८८३ मध्ये हे सारे जाहीरपणे मांडले. कारण सांगताना मात्र ते चुकले. श्वासनलिकेला इजा होऊन प्राणवायू कमी पडतो, असा त्यांचा तर्क होता. इंग्लंडमध्ये विल्यम गल यांनी १८७३ मध्येच प्रौढ स्त्रियांतील अशाच सुस्तीचे व सुजेचे वर्णन केले होते. दोन्ही आजारांचे मूळ एकच, ते म्हणजे ग्रंथीचा अभाव, असा निष्कर्ष लंडनच्या एका समितीने १८८८ मध्ये काढला. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. १९१४ मध्ये केंडाल यांनी थायरॉक्सिन हे संप्रेरक वेगळे केले, आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. आजची गोळी तीच.

पाळीचा हिशेब नीट मांडला गेला तो फार उशिरा. अमेरिकेत १९६४ मध्ये या संप्रेरकाची कमतरता असलेल्या ५० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील २८ जणींना पाळीच्या तक्रारी होत्या, बहुतेक अतिरक्तस्रावाच्या. १९९९ मध्ये ग्रीसमधील पाहणीत हे प्रमाण सुमारे २३ टक्के निघाले, तर निरोगी स्त्रियांत ते ८ टक्के होते. आता रक्ततपासणीमुळे आजार लवकर कळतो, हे या फरकाचे एक कारण असावे.

हे घडते कसे? अवटू ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले, की मेंदूतून तिला जागे करणारा संदेश वाढतो. त्याच संदेशाने प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरकही वाढते आणि बीजांड बाहेर पडण्यात अडथळा येतो. बीजांड सुटले नाही, तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचे अस्तर मग नुसते जाड होत जाते आणि वेळी-अवेळी भरपूर रक्तस्रावासह गळून पडते. शिवाय रक्त गोठवणारे काही घटकही कमी होतात. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे फार महागात पडते.

मात्र शस्त्रक्रियेनंतरचा प्रत्येक बदल वाईट नसतो. ग्रंथी अतिकाम करते म्हणून शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी तुटपुंजी झालेली पाळी नंतर पूर्ववत होते. ग्रंथीचा अर्धा भाग काढला असेल, तर पुष्कळांना गोळी लागत नाही, काहींना लागते. पूर्ण ग्रंथी काढली, तर ती जन्मभर घ्यावी लागते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात प्रयोग करून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे सिद्ध केले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पण गलगंड हिमालयापुरता नव्हता. गुजरातेत भडोच आणि महाराष्ट्रात औरंगाबाद, म्हणजे खानदेशाच्या दोन्ही अंगांना, तो आढळला होता. मिठाने हा गलगंड घटला, तरी गाठी आणि कर्करोग यांसाठी शस्त्रक्रिया होतच राहणार.

शाळेत आपण अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता शिकवतो: ग्रंथीचे नाव, स्थान, कार्य. अवटू ग्रंथीपुढे 'चयापचय' लिहिले की ओळ संपते. तिथेच पोष ग्रंथी आणि बीजांडकोश यांच्याकडे जाणारे बाण काढून दाखवावेत. मुलींच्या घरी कोणाची आई, कोणाची मावशी या शस्त्रक्रियेतून गेलेली असू शकते. तिला सांगण्याजोगे थोडेच आहे. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी. चहा नंतर, लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांनी टी.एस.एच. ही रक्ततपासणी करावी. अंगावरून जास्त जात असेल, तर गर्भाशय काढण्याचा विचार करण्याआधी डॉक्टरांना गळ्यावरच्या व्रणाबद्दल आवर्जून सांगावे. पाळीची तारीख आणि दिवस वहीत लिहून ठेवले असतील, तर डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.