जलसा आणि सलोख्याचा प्रश्न

लोककलांतून सामाजिक सलोखा साधावा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. भारत सरकारने १९५४ साली गीत व नाटक विभाग काढला आणि शाहीर, कलापथके शासकीय योजनांच्या प्रचाराला जुंपली. पण ज्यांच्या गळ्यावर ही कला जगली, त्यांना सलोखा या शब्दात काय दिसत होते? आंबेडकरी जलशाचा इतिहास यासाठी तपासला पाहिजे.

'मूकनायक' १९२० साली निघाला, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. पण वाचणारे किती होते? एकाने वाचावे, वस्तीने ऐकावे. विचार गावोगाव न्यायचा तर तो गळ्यातूनच न्यावा लागणार होता. तमाशाचा साचा तयार होता : गण, गवळण, बतावणी, वग. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या जलसेकारांनी तो आधीच वाकवून घेतला होता. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या (१९३०) काळात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तो पुढे नेला. देवाची आळवणी गेली, शृंगार गेला. सवाल-जवाब मात्र राहिले. मेलेले ढोर ओढू नका, दारू सोडा, पोरे शाळेत घाला, हे हसतखेळत सांगितले जाई.

तमाशाचे फड बहुतांशी महार-मांगांचे आणि प्रेक्षक सारा गाव. पाणवठ्यावर, देवळात न चालणारा माणूस फडात मात्र चालत असे! तेथे तो गावाला हसवी. जलशाने नेमकी हीच जागा धरली. हसायला जमलेल्या गावासमोर त्याने पाण्याचा आणि देवळाचा हिशेब मांडला. याला कोणी भांडण लावणे म्हणेल. वस्तुतः भांडण जुनेच होते, ते एकाच बाजूला ठाऊक होते. दुसऱ्या बाजूच्या कानावर ते घालणे, ही सलोख्याची पहिली अट जलशाने पाळली.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. जलशाने बाईचा नाच काढला, ते योग्यच. पण फडाबाहेर पडलेल्या कलावंत बाईने पोट कशावर भरावे, हा प्रश्न त्याने फारसा विचारला नाही.

कर्डकांनी १९७८ साली या जलशांचे स्वरूप व कार्य ग्रंथरूपाने लिहून ठेवले, म्हणून एवढे तरी हाती आहे. पुढे जलशाची जागा गायन पार्ट्यांनी घेतली. वामनदादा कर्डकांसारखा (१९२२–२००४) कवी-गायक गावोगाव हिंडला, गाणी उदंड झाली. पण जयंतीच्या मंडपात समोर बसतात ते बहुतेक आपलेच लोक. गाव तेथे नसतो.