दिल्लीस पुन्हा जाताना

दिल्ली एकदा पाहिली म्हणजे पाहून झाली, अशी आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांची समजूत असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायुनाची कबर आणि राजघाट दोन दिवसांत उरकावयाचे, चांदणी चौकात थोडी खरेदी करावयाची आणि तिसऱ्या दिवशी आग्र्याची गाडी गाठावयाची, असा त्या प्रवासाचा ठराविक क्रम. त्यात वावगे काही नाही. परंतु दिल्ली ही एका फेरीत संपणारी नगरी नव्हे. ज्यांनी ती सोडली तेसुद्धा तिच्याकडे माघारी वळले आहेत. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी आपल्या देवगिरीस आणली, तिला दौलताबाद हे नाव दिले, आणि काही वर्षांत तो परत दिल्लीस गेला. इंग्रजांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कलकत्त्यास बसून राज्य केले आणि १९११ च्या डिसेंबरात राजधानी दिल्लीस नेत असल्याचे दरबार भरवून जाहीर केले. तथापि परतण्याची सर्वांत विलक्षण कथा या दोघांचीही नव्हे. ती आहे दुसरा शहाआलम बादशहा याची. तिच्यात मराठ्यांचा हात आरंभापासून आहे, आणि ती मनात ठेवून जो दिल्लीस दुसऱ्यांदा जाईल त्यास तेच दगड निराळे दिसतील.

अशा माणसाने लाल किल्ल्याकडे न जाता प्रथम फिरोजशहाच्या कोटल्याकडे वळावे. शेजारच्या क्रिकेटच्या मैदानामुळे कोटला हे नाव घरोघर ठाऊक आहे. मूळ कोटला मात्र फार थोडे प्रवासी पाहतात. चौदाव्या शतकातील पडक्या भिंती, त्यांवर उभा केलेला अशोकाचा स्तंभ, आणि दर गुरुवारी तेथल्या जिनांना अर्ज लिहून दिवे लावणारी साधी माणसे, असे ते स्थळ आहे. येथेच २९ नोव्हेंबर १७५९ रोजी दुसरा आलमगीर बादशहा मारला गेला. कोणी सिद्ध फकीर आला आहे, असे सांगून त्यास येथे आणले, भोसकले, आणि प्रेत यमुनेच्या वाळूत फेकून दिले. हे कृत्य त्याचा स्वतःचा वजीर गाजीउद्दीन याचे होते. आणि दोनच वर्षांपूर्वी दिल्लीत या वजिराचे आसन मराठी फौजेने स्थिर केले होते, हेही सांगितले पाहिजे.

आलमगीराचा मुलगा अलीगौहर या वजिराच्या तावडीतून १७५८ सालीच निसटला होता. बापाच्या खुनाची वार्ता त्यास बिहारात कळली. तेथेच, परक्या मुलखात, त्याने शहाआलम हे नाव धारण करून आपण बादशहा झाल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी सदाशिवरावभाऊने दिल्ली घेतली, तेव्हा त्याने याच शहाआलमच्या नावाची द्वाही फिरविली. पण बादशहा स्वतः शेकडो मैल दूर होता आणि राजधानीत त्याची गादी रिकामी होती. त्यानंतर पानिपत झाले. १७६४ च्या ऑक्टोबरात बक्सारच्या लढाईत शहाआलमच्या पक्षाचा मोड झाला. १७६५ च्या ऑगस्टात त्याने कंपनीस बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी दिली आणि बदल्यात अलाहाबाद व कोडा हे जिल्हे आणि वर्षास २६ लक्ष रुपये घेतले. क्लाइव्हच्या जेवणाच्या मेजावर खुर्ची ठेवून तेव्हाचे सिंहासन सजविले होते, असे सांगतात.

अलाहाबादेस त्याला काय कमी होते? पैसा वेळेवर येत होता, शत्रू दूर होते, इंग्रज पलटण रक्षणास होती. परंतु किल्ल्यात इंग्रज सेनापती राहत होता आणि बादशहा बाहेर. पहाटेच्या नौबतीने झोप मोडते म्हणून त्या सेनापतीने नौबत बंद करविली, अशी हकीकत त्या काळच्या फारसी लेखनात आहे. एखाद्या जहागीरदारास हे सोसले असते. बादशहाच्या दारची नौबत ही करमणूक नव्हे. राजा जागा आहे, हे रयतेस कळविण्याची ती रीत होय. हक्क कागदावर आहे, पण नौबत वाजविण्याची मुभा नाही, ही स्थिती त्याने सहा वर्षे पाहिली. त्याची आई आणि वडील मुलगा जवानबख्त हे दिल्लीच्या किल्ल्यात होते. दहा वर्षे दिल्ली सांभाळणारा नजीबखान १७७० च्या ऑक्टोबरात वारला आणि त्याची जागा त्याचा मुलगा जाबितखान याने घेतली, तेव्हा तर त्यांची काळजी अधिकच वाढली.

नेमक्या याच सुमारास मराठे उत्तरेत परतले होते. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६९ साली रामचंद्र गणेश कानडे, विसाजी कृष्ण बिनीवाले, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांस हिंदुस्थानात पाठविले. पानिपतास नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. महादजीचा एक पाय त्याच रणावर कायमचा अधू झाला होता. दिल्लीच्या उत्तरेस यमुनेवरील बुराडीच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजी त्याचा भाऊ दत्ताजी पडला होता. (महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी बुराडीस क्वचितच जातो. नदी तेथून सरकली आहे, वस्ती दाट झाली आहे, पाहावयास विशेष काही नाही. तरी एकदा जावे.) १७७१ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी दिल्ली घेतली. किल्ला हाती आला. बादशहा आणला तरच त्या किल्ल्यास अर्थ होता. त्यांनी ४० लक्ष रुपयांचा करार करून शहाआलमास बोलावणे पाठविले. तो न आला तर युवराजास गादीवर बसवितील, ही धास्तीही त्यास होती.

कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्यास पुष्कळ समजाविले. त्यांच्या उपदेशात स्वार्थ होता, तसे तथ्यही होते. पण १७७१ च्या एप्रिलात त्याने अलाहाबाद सोडले. पावसाळा वाटेत काढला, नोव्हेंबरात महादजी त्यास येऊन मिळाला, आणि ६ जानेवारी १७७२ रोजी, रमजान संपता संपता, तेरा वर्षांहून अधिक काळानंतर शहाआलम आपल्या वाड्यात शिरला. तीस वर्षांचा असताना गेलेला माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी आला.

पुढे काय झाले? पंधरवड्याच्या आत मराठ्यांनी त्यास जाबितखानावरील स्वारीवर नेले. पत्थरगड पडला, पानिपताचा सूड उगविल्याचे समाधान मराठ्यांस मिळाले, आणि लुटीच्या वाटणीवरून बादशहाचे व त्यांचे बिनसले. तिकडे वॉरन हेस्टिंग्जने, बादशहा मराठ्यांकडे गेला या सबबीवर, वर्षाचे २६ लक्ष बंद केले आणि १७७३ साली कोडा व अलाहाबाद अयोध्येच्या नबाबास ५० लाखांस विकून टाकले. म्हणजे परतीच्या वाटेवर घालून दिलेला पूल मागच्या मागे मोडला. बादशहाचे राज्य दिल्लीपासून पालमपर्यंत, अशी थट्टा लोक करू लागले. ज्या पालमला आज विमाने उतरतात तेच हे गाव.

आता लाल किल्ल्यात जावे, आणि दिवाण-इ-खासमध्ये घाई करू नये. तेथील मयूरासन नादिरशहाने १७३९ साली नेले, हे वाटाडे सांगतात. छताची चांदी भाऊसाहेबांनी १७६० साली फौजेच्या खर्चासाठी काढून वितळविली, हे मराठी मंडळींपुढे सांगावयास ते बहुधा संकोचतात. याच वाड्यात १० ऑगस्ट १७८८ रोजी जाबितखानाचा मुलगा गुलाम कादिर याने शहाआलमाचे डोळे काढले. महादजी १७८४ पासून पेशव्यांच्या वतीने साऱ्या बादशाहीचा कारभारी होता. त्या उन्हाळ्यात तो मथुरेस होता. मथुरा दिल्लीपासून शंभर मैलांच्या आत आहे. मदत पोहोचली ती ऑक्टोबरात. लालसोटच्या धक्क्यातून महादजी नुकता सावरत होता, हे खरे. परंतु हा विलंब आपल्या व्याख्यानांत फारसा उच्चारला जात नाही, आणि तो उच्चारला पाहिजे. राणेखान फौज घेऊन आला, त्याने किल्ला घेतला. पुढे गुलाम कादिर पकडला जाऊन मारला गेला. हा राणेखान म्हणजे पानिपतावरून जखमी महादजीस ज्याने वाचवून आणले तोच. आंधळ्या बादशहास पुन्हा गादीवर बसविण्यात आले.

इंग्रज लेखकांनी शहाआलमाचे हे परतणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा ठरविला आहे. जमाखर्चाच्या वहीत पाहिले तर तो निकाल मोडता येत नाही. परंतु अलाहाबादेस राहून तो काय झाला असता? मुर्शिदाबादच्या नबाबांसारखा कंपनीचा आणखी एक तैनाती धनी. दिल्लीच्या गादीवर तो आंधळा बसला, तरी मराठी टांकसाळींचे कित्येक रुपये त्याच्या नावाने पडत राहिले, आणि कंपनी सरकारही स्वतःच्या रुपयांवर त्याचे नाव १८३५ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षे, छापीत होते. डोळे गेल्यावर त्याने उर्दूत एक लांबलचक अद्भुत कथा सांगून लिहविली. ती एका राजपुत्राच्या भ्रमंतीची आहे.

१८०३ च्या सप्टेंबरात लेकने यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि तो बादशहाच्या भेटीस आला. फाटक्या चांदव्याखाली बसलेला म्हातारा त्याने पाहिला. बत्तीस वर्षांपूर्वी जी इंग्रजांची तैनात टाकून तो निघाला होता ती अशी त्याच्याच दारी चालत आली. फरक इतकाच, की या वेळी किल्ला त्याचा होता आणि इंग्रज बाहेरून आला होता.

१९ नोव्हेंबर १८०६ रोजी तो वारला. श्रोत्यांपैकी ज्यांनी कुतुबमिनार पाहिला आहे त्यांपैकी थोडेच पुढे मेहरौली गावात ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यापर्यंत गेले असतील. तेथे मोती मशिदीशेजारी एक लहानसे आवार आहे. औरंगजेबाचा मुलगा पहिला बहादूरशहा, हा दुसरा शहाआलम, आणि त्याचा मुलगा दुसरा अकबर यांच्या कबरी तेथे आहेत. शहाआलमाच्या नातवाने, म्हणजे शेवटच्या बहादूरशहाने, त्याच ओळीत आपल्यासाठी एक जागा राखून ठेविली होती. त्यास इंग्रजांनी १८५८ साली रंगूनला नेले आणि तेथेच तो ७ नोव्हेंबर १८६२ रोजी वारला. मेहरौलीतील ती जागा अद्याप रिकामी आहे.