कुलाब्याचे आरसे आणि मसुऱ्याचा पूल

घरचा स्विमिंग पूल उन्हावर तापवायचा म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते कॅलिफोर्निया. (पूल म्हणजे पोहायचा बरं का, नदीवरचा नव्हे!) पण सूर्याला कामाला जुंपायचा एक जबरदस्त प्रयोग आपल्या मुंबईत झालाय, तोही १८७० च्या दशकात.

विल्यम अ‍ॅडम्स हे मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होते. म्हणजे काम कागदपत्रांचं, डोक्यात मात्र ऊन! तेव्हा मुंबईत कोळसा विलायतेहून जहाजाने यायचा, लाकूडही महाग. ऊन तेवढं फुकट. अ‍ॅडम्सनी कुलाब्यातल्या आपल्या बंगल्यात बरेच सपाट आरसे अर्धगोलात उभे केले आणि सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं. त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चाललं. १८७८ मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं. तरीही असं इंजिन पुढे सर्रास वापरात आलं नाही.

का? वाफेसाठी १०० अंशांच्या वर जावं लागतं. आणि वस्तू जितकी तापवाल तितकी उष्णता आजूबाजूच्या हवेत निसटते. त्यात सूर्य सरकेल तसे आरसेही सरकवत बसा.

नंतर यशस्वी झाले ते लोक कमी मागणारे होते. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स केम्पने काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून आंघोळीचं पाणी तापवलं. १९०९ मध्ये विल्यम बेलीने तापवायच्या नळ्या आणि साठवायची टाकी वेगळी केली, म्हणजे रात्रीही पाणी गरम. आजच्या गच्चीवरचा सोलर हीटर त्याच घराण्यातला. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पूलवाल्यांनीही सूर्याकडे मोर्चा वळवला. त्यांना तर काचही लागली नाही! पूलला हवं फक्त २८ अंशांचं पाणी, तेव्हा काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून पंपाने पाणी फिरवलं की झालं.

आता हे मसुऱ्यात आणू. भरतगडाच्या पायथ्याशी, मालवण तालुक्यातलं हे गाव. इथे वर्षातले बरेच महिने पूल तापवायची गरजच नाही. प्रश्न येतो तो डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. समजा पूल ८ मीटर लांब, ४ रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे ४०,००० लिटर पाणी. ते ३ अंशांनी तापवायला साधारण १४० युनिट उष्णता लागते. तेवढी वीज साध्या घराला महिनाभर पुरेल! नळ्यांचा एक चौरस मीटर चांगल्या उन्हात दिवसाला अडीच-तीन युनिट देतो. २५ चौरस मीटर छपरावर पसरले तर दोन दिवसांत काम फत्ते.

पण खरी गंमत रात्री आहे. शिरोड्याच्या मिठागरात पाण्याची वाफ मुद्दाम करतात, मीठ मिळावं म्हणून. तुमच्या पूलमध्ये तीच वाफ फुकट जाते आणि सोबत उष्णताही नेते. पूलच्या एकूण तोट्यातला निम्म्याहून जास्त तोटा या वाफेचाच. म्हणून पहिली खरेदी नळ्यांची नव्हे, रात्री पाण्यावर पसरायच्या आच्छादनाची करा. कदाचित नळ्या लागणारही नाहीत.

कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. आमसुलं, सुकट, आंबापोळी, पावसाळ्याची सगळी बेगमी उन्हावरच होते. फक्त न्हाणीच्या चुलीला अजूनही बऱ्याच घरांत चुडतं, सोडणं नाहीतर लाकडं लागतात. चूल पेटवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर जातो तो वेगळाच.

थोडक्यात काय, आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर आधी रिक्वायरमेंट नीट लिहून घ्या: किती गरम हवंय? अ‍ॅडम्सनी सूर्याकडे वाफ मागितली, पूलवाले तीन अंश मागतात. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर पूल राहू दे थंड. दोन चौरस मीटरचा हीटर न्हाणीच्या छपरावर चढवा. पावसाळा सोडला तर दिवसाला १०० लिटर कढत पाणी मिळेल आणि चुलीतला धूर थांबेल.