तळटीप १४ : फिल्टर काढलेला कॅमेरा

१४. लेखक इथे ज्याला ‘फिल्टर’ म्हणतात, तो लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचा नव्हे. ती कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरच्या पुढ्यात बसवलेली काच आहे. तिचं मुख्य काम अवरक्त किरण अडवण्याचं. पण ती गडद लाल प्रकाशही बराच खाते, आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची लाली नेमकी तिथलीच : हायड्रोजनची, ६५६ नॅनोमीटरची. आत आलेला तुटपुंजा लाल प्रकाश मग छायाचित्रकार संगणकावर वाढवत नेतो. त्याबरोबर नॉइजही वाढतो. काळ्या आकाशाचा तुकडा मोठा करून पाहिला, की तांबडे-निळे ठिपके उठून दिसतात.

काच काढली की लाल रंग भरपूर मिळतो, पण फोकस बिघडतो. त्याचं कारण प्रकरणात आलेलं नाही. काचेतून जाताना किरण वाकतात आणि तिच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश अंतर मागे सरकून एकत्र येतात. २ मिमी काचेला जवळपास ०.७ मिमी. कॅमेऱ्याची जुळवणी हे अंतर धरूनच केलेली असते. काच गेली की प्रतिमा सेन्सरच्या अलीकडेच तयार होते, आणि लेन्स अनंतावर नेली तरी ताऱ्यांच्या टिंबांऐवजी चकत्या उमटतात. म्हणून नुसती काच काढून घेऊ नये. तिच्या जागी तेवढाच फरक पाडणारी दुसरी काच बसवून घ्यावीच. कॅननचा ‘२०डीए’ (२००५) आणि निकॉनचा ‘डी८१०ए’ (२०१५) या आकाशासाठीच काढलेल्या कॅमेऱ्यांतही अवरक्त अडवणारी काच आहे, फक्त ती हायड्रोजनच्या लालीला जास्त वाट देते.