दाणेदार डिटर्जंट पावडर : लगद्यापासून दाण्यापर्यंत

कपडे धुण्याच्या पावडरीचा प्राण म्हणजे तिच्यातील पृष्ठक्रियाकारक, अर्थात सरफॅक्टंट. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जाते. त्यामुळे कापडाला चिकटलेला तेलकट मळ सुटून पाण्यात उतरतो. मात्र हे द्रव्य कारखान्यात येते ते बहुधा दाट द्रवाच्या किंवा चिकट लगद्याच्या रूपात. त्यापासून सुटा, कोरडा आणि पाण्यात चटकन विरघळणारा दाणा घडविणे, हा या उद्योगापुढील मुख्य प्रश्न होय.

मनोऱ्याची पद्धत

सर्व घटक पाण्यात कालवून त्यांचा राब तयार करतात आणि तो उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून तुषाररूपाने सोडतात. खालून येणाऱ्या तप्त हवेत थेंबातील पाणी उडून जाते व पोकळ, हलका दाणा उरतो. हा दाणा लवकर विरघळतो; पण घातलेले पाणी पुन्हा उडविण्यासाठी मोठ्या प्रमाणात इंधन जाळावे लागते, शिवाय मनोऱ्याला भांडवलही मोठे लागते.

लगदा आणि पूड

दुसऱ्या पद्धतीत मुळात पाणीच कमी वापरतात. सुमारे ७० टक्के सरफॅक्टंट असलेला लगदा गरम ठेवून मिश्रणयंत्रात सोडतात. तेथे सोडा अ‍ॅश, झिओलाइट यांसारख्या बारीक पुडी असतात. वेगाने फिरणारी पाती काही सेकंदांत लगद्याचे बारीक तुकडे करतात आणि पुडीचे कण त्यांना चिकटून दाणा बांधला जातो. पुढच्या, संथ यंत्रात तो गोलसर व घट्ट होतो.

येथे प्रमाणाला फार महत्त्व आहे. रव्याच्या लाडवात पाक जास्त झाला तर मिश्रण सैल पडते, कमी पडला तर लाडू वळत नाही. तसेच येथेही घडते. लगदा वाढला की यंत्रात कणकेसारखा गोळा होतो, कमी पडला की नुसती धूळ उरते. दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शेवटी त्यांच्यावर झिओलाइटची बारीक पूड भुरभुरतात. त्यानंतर हवेच्या झोतावर दाणे वाळवून थंड करतात व चाळतात. जाड दाणे दळून आणि भुगा तसाच पुन्हा प्रक्रियेत घेतला जातो. उष्णता न सोसणारे एन्झाइम, विरंजक आणि सुगंध अखेरीस मिसळतात.

सोपी भारतीय वाट

आपल्याकडील अनेक छोटे उत्पादक लगदाही वापरत नाहीत. बाजारात ‘अ‍ॅसिड स्लरी’ या नावाने मिळणारे सल्फोनिक आम्ल ते थेट सोडा अ‍ॅशवर ओततात. आम्लाचे उदासिनीकरण आणि दाणा बांधणे, ही दोन्ही कामे एकदमच होतात. अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये घरच्या घरी ‘निरमा’ बनविण्यास प्रारंभ केला, तो अशाच मनोऱ्याविना. मात्र या पद्धतीत मिश्रण नीट न झाल्यास आम्लाचे अंश किंवा सोड्याचे खडे शिल्लक राहतात. हाताने धुणे धुणाऱ्यांच्या त्वचेला त्यांचा दाह होतो. मिश्रण करणाऱ्या कामगाराला तर आम्ल व सोड्याची धूळ या दोहोंपासून डोळे, हात आणि श्वसनमार्ग जपावे लागतात.

पुडा मोठा, की माल जास्त?

मनोऱ्यातील एक लिटर पावडर साधारणतः ३०० ते ५०० ग्रॅम भरते, तर लगद्यापासून बांधलेले दाणे ६०० ते ९०० ग्रॅमपर्यंत भरतात. जपानमध्ये काओ कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या ‘अटॅक’ने अशा घट्ट पावडरीला लोकप्रियता मिळवून दिली. त्यामुळे पुड्याच्या उंचीवरून मालाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. वजनही पुरेसे बोलके नसते, कारण सोडियम सल्फेटसारख्या स्वस्त भरावानेही ते वाढविता येते. ग्राहकाने पुड्यावरील निव्वळ वजन आणि एका धुण्यासाठी सांगितलेली मात्रा, या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. घट्ट पावडर जुन्याच चमच्याने मोजली तर पावडर वाया जाते आणि कपडे खळबळायला पाणीही अधिक लागते.