धोंडस
कोकणातील घरगुती भाजीव पक्वान्न. ते तवशाचे म्हणजे जून काकडीचे करतात. (काकडी भाजीत मोडत असली, तरी शास्त्रीय दृष्ट्या फळच होय.) पावसाळ्यात धरलेली तवशी घरात टांगून ठेवून पुढे काही महिने वापरतात. तवशाचा कीस, तुपात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे एकत्र शिजवून मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात थापतात. खाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवतात. वरच्या आचेने पृष्ठभाग तांबूस व खरपूस होतो. धोंडसाची खरी लज्जत त्यातच आहे.

ही रीत एकट्या कोकणाची नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागाकडे निघालेले वसाहतकार ‘कॉबलर’ हे फळांचे पक्वान्न अशाच निखारे ठेवलेल्या झाकणाच्या लोखंडी भांड्यात भाजीत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांतील बेसन, गूळ व नारळाच्या दुधाचे ‘निनाव’ही असेच होई.

लोहमार्ग ठाण्यास १८५३ मध्ये व कल्याणास १८५४ मध्ये पोहोचला. पुढे ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे कोकणातील अनेक कुटुंबे स्थायिक झाली. तेथील बिऱ्हाडांत स्टोव्ह व गॅस आले आणि चुलीबरोबर निखाराही गेला. पातेल्याखाली तवा ठेवून खालची आच मंद करता येते. वरची आच मात्र विजेची भट्टी घरात आल्यावरच पुन्हा मिळू लागली.