तळटीप : ‘बोर्ड’ आणि ‘मागेल त्याला वीज’

* गंगाखेडच्या शेतकऱ्याच्या तोंडी लेखकाने ‘बोर्ड’ हा शब्द ठेवला आहे, तो मुद्दाम बदललेला नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे 6 जून 2005 रोजी विभाजन झाले आणि परभणी जिल्ह्यात वीज पोचवण्याचे काम महावितरणकडे आले. बोलण्यात मात्र बोर्ड टिकून आहे. ‘मागेल त्याला वीज’ ही घोषणा वाटली तरी तिच्यामागे कायदा आहे. विद्युत अधिनियम, 2003च्या कलम 43नुसार जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यावर वितरण परवानाधारकाने एका महिन्यात पुरवठा द्यायचा असतो. चुकल्यास दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंड. मेख पुढच्या परंतुकात आहे. वाहिनी वाढवावी लागणार असेल किंवा नवे उपकेंद्र उभारायचे असेल, तर मुदत काम पुरे होईपर्यंत किंवा वीज नियामक आयोग ठरवेल तितकी लांबते. पैसे भरूनही जोडणीची वाट पाहणाऱ्या कृषिपंपांसाठी कार्यालयीन भाषेत ‘पेड पेंडिंग’ असा शब्दच रुळला आहे.

याच कायद्याने मोठ्या ग्राहकांना ‘मुक्त प्रवेश’, म्हणजे दुसरीकडून वीज घेण्याची मुभा, दिली. कारखाने जास्त दर भरतात म्हणून शेतीची वीज स्वस्त ठेवता येते. तेच निघून गेले तर तूट कोणी भरायची? म्हणून जाणाऱ्यावर आयोग ‘क्रॉस सबसिडी अधिभार’ लावतो. उद्योजकांना तो जाच वाटतो. पण गंगाखेडच्या शिवारातला पंप नाकारण्याची मुभा महावितरणला नाही, हे त्या हिशेबात धरावे लागते. — संपा.